बेचाळीस पोरं आणि एक कोरी चिठ्ठी

'अगं, सेंड-ऑफ आलाय. दोन दिवस सुट्टी काढून ये. मला टाइप करून दे.'

बाबांचा फोन. मी तेव्हा पुण्यात, कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, एका बिल्डरच्या ब्रोशरसाठी 'निसर्गाच्या कुशीत'ला पर्यायी शब्द शोधत बसले होते. फ्रीलान्स जर्नलिस्टला सुट्टी नावाचा प्रकार नसतो, हे मी बाबांना शंभरदा सांगितलंय. पण त्यांचा फंडा क्लिअर आहे. ज्याच्या नावाचं हजेरीपत्रक नाही, त्याला रोजच सुट्टी!

बाबा नगरच्या एका मुलांच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि तिथल्या वसतिगृहाचे रेक्टर होते. (नगर म्हणजे अहिल्यानगर. २०२४मध्ये नाव बदललं, पण शिवाजीनगरच्या स्टँडवर मी अजूनही 'एक नगर' म्हणते आणि कंडक्टर काही न बोलता तिकीट देतो.) गोष्ट २०२५च्या फेब्रुवारीची. बाबांची ती शेवटची बॅच. मे महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण, की रिटायर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. दहावीचा पहिला पेपर २१ तारखेला, त्याआधी सेंड-ऑफ, आणि सेंड-ऑफ म्हणजे फिशपाँड.

मराठी शाळेत शिकलेल्याला फिशपाँड सांगायची गरज नाही. ज्यांच्याकडे 'फेअरवेल'ला डीजे होता, त्यांच्यासाठी थोडक्यात: शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने एक चिठ्ठी. त्यात त्याच्या सवयीवर, खोडीवर, फजितीवर एक-दोन ओळी. नाव पुकारायचं, पोरगं स्टेजवर येतं, चिठ्ठी वाचली जाते, हॉल हसतो, पोरगं कानापर्यंत लाल होतं आणि चिठ्ठीची घडी करून खिशात घालतं. बस्स. तीन वर्षांच्या हॉस्टेलची एवढीच मार्कशीट!

सगळीकडे हे फिशपाँड निनावी असतात. पेटी ठेवतात, ज्याला जे सुचेल ते टाकायचं. आमच्याकडेही तसंच होतं. मी तिसरीत असताना एका मुलाचा फिशपाँड निघाला. तो बोलताना अडखळायचा. 'हा आज निरोपाचं भाषण सुरू करेल आणि रिझल्टच्या दिवशी संपवेल', असं काहीसं कुणीतरी लिहिलं होतं. हॉल हसला. तोही हसला. रात्री त्याची कॉट रिकामी. बाबांनी सायकलवरून सगळं नगर पालथं घातलं, आणि पहाटे दोनला तो त्यांना माळीवाडा बसस्थानकावर सापडला. ट्रंकेवर बसून पहिल्या एसटीची वाट बघत होता. त्याने परीक्षा दिली, पासही झाला. पण ती पेटी बाबांनी घरी आणली. आई त्यात लसूण ठेवते. आजही!

पुढच्या वर्षीपासून सगळे फिशपाँड बाबा स्वतः लिहायला लागले. नियम तीन. शरीरावर नाही, बापाच्या धंद्यावर नाही, जातीवर तर नाहीच नाही. 'पोराला जे बदलता येत नाही, त्यावर हसायचं नाही. जे तो बदलणारच नाही, त्यावर हसायचं,' असं त्यांचं म्हणणं. २०२१मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली, सेंड-ऑफ कुठला? तरी त्या वर्षी बाबांनी सगळ्यांचे फिशपाँड पाकिटात घालून पोस्टाने घरोघर पाठवले होते. मला तेव्हा ते टोटल वेडेपणाचं वाटलं होतं.

तर शुक्रवारी संध्याकाळी मी वसतिगृहाच्या गेटवर रिक्षातून उतरले. एका मुलाने माझी बॅग घेतली, क्वार्टरच्या पायरीपर्यंत आणून ठेवली. मी फोनवर क्लायंटशी बोलत होते. हाताने 'थँक्यू'ची खूण केली आणि आत गेले. हे लक्षात ठेवा.

जेवणं झाल्यावर बाबांनी रजिस्टर काढलं. प्रत्येक मुलाला एक पान. आठवीत पोरगं आलं, की त्या पानावर नोंदी सुरू. 'रात्री झोपेत शिट्टी वाजवतो.' 'वांगं खात नाही, वांग्याची आमटी दोनदा घेतो.' असला माल! मी लॅपटॉप उघडला.

आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. तालुके १४. त्यामुळे वसतिगृहात इकडच्या टोकाचा आणि तिकडच्या टोकाचा एकाच खोलीत. मुलांची नावं मी इथे देणार नाही, पोरं लहान आहेत. तसंही वसतिगृहात खऱ्या नावाने हाक फक्त हजेरीला मारतात.

पहिलं पान 'शिंगणापूर'चं. हा नेवासे तालुक्यातला, शनिशिंगणापूरच्या शेजारचा. तिथे घरांना दारं नसतात, कुलूप नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. याने ती परंपरा ट्रंकेपर्यंत आणली. आठवीपासून त्याच्या ट्रंकेला कुलूप नाही आणि त्यामुळे त्याच्या घरचे लाडू ही सार्वजनिक मालमत्ता. दहावीत त्याने एकच सुधारणा केली. लाडवांवर चिठ्ठी ठेवायला लागला: 'देव बघतोय. दोन माझ्यासाठी ठेवा.' बाबांनी लिहायला सांगितलं: 'याच्या ट्रंकेला कुलूप नाही. तोंडाला तर नाहीच नाही.'

'ताळेबंद' हिवरे बाजारच्या बाजूचा. पोपटराव पवारांचं ते गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवतं. या साहेबांनी बाथरूमबाहेर खडूने तक्ता आखला. कोण किती बादल्या वापरतो, याचा हिशेब. तीन बादल्यावाल्यांची नावं लाल खडूने! गंमत म्हणजे स्वतःच्या नावापुढे आठवड्यातून चारच रेघा. फिशपाँड: 'आंघोळ कमी, ऑडिट जास्त.'

मग 'झहीर'. अर्थात श्रीरामपूरचा. झहीर खान त्यांच्या गावचा. २०११च्या विश्वचषकात त्याने २१ विकेट घेतल्या तेव्हा आमचा 'झहीर' दोन वर्षांचा होता, पण त्या विकेट जणू यानेच घेतल्यासारखं सांगतो. मेसच्या तीन काचा त्याच्या नावावर. आणि बाबांच्या नोंदीतलं गुपित असं, की पोरगं मुळात उजवं आहे! श्रीरामपूरचं नाव राखायचं म्हणून डाव्या हाताने बोलिंग करायला लागलं. त्यामुळे चेंडू कुठे जाणार हे बॅट्समनला कळत नाही, बोलरलाही नाही.

'रणगाडा' पहाटे साडेचारला भरतीची प्रॅक्टिस म्हणून मैदानाला फेऱ्या मारतो आणि स्वतःच जोरात मोजतो. के. के. रेंजवर लष्कराचा सराव चालला, की लांबून धडधड ऐकू येते. हा ताट बाजूला ठेवून कोणता रणगाडा आहे ते सांगतो. खरं-खोटं करणार कोण? रणगाड्यांच्या म्युझियममध्ये इतक्यांदा गेलाय, की तो तिथल्या पाहुण्यांना माहिती सांगू शकेल. फिशपाँड: 'शत्रूची झोप उडवण्याचा सराव याने आमच्यावर केला.'

अकोल्याच्या डोंगरातला एक होता. घाटघर-रतनवाडीकडचा. नगरमध्ये जूनमध्ये चार थेंब पडले, की सगळी पोरं अंगणात नाचायची. हा व्हरांड्यात उभा राहून त्यांच्याकडे असा बघायचा, जसं आपण पहिल्यांदा लिफ्ट बघणाऱ्याकडे बघतो. पारनेरचा एक होता, त्याचं अर्धं गाव मुंबईत, म्हणून तो स्वतः न जाताही 'आपुन' बोलायचा. जामखेडचे दोघे तीन वर्षं एकमेकांशी भांडले आणि परीक्षेला नंबर वेगवेगळ्या केंद्रांवर आले म्हणून रडले.

मधेमधे मीही आपली मासकॉमची कला दाखवत होते. श्रीगोंद्याच्या एका गोलमटोल मुलासाठी पंचलाइन सुचवली. बाबा: 'शरीर. खोड.' दुसऱ्यासाठी एक सॉलिड ओळ केली, सिनेमाच्या नावावरून, यमक जुळवून. बाबांनी ती दोनदा वाचायला लावली. म्हणाले, 'चांगली आहे. पण ही कुणालाही चालेल. याची नाही.'

काय बोलणार? माझ्या दुसऱ्या विंडोमध्ये 'निसर्गाच्या कुशीत' उघडंच होतं.

रात्री अकराला एकेचाळीस झाले. बाबांनी शेवटचं पान उलटलं. कोरं. वर नाव, पाथर्डी तालुक्यातलं गाव, वडिलांचा व्यवसाय शेती. खाली काही नाही. तक्रार नाही, आजारपण नाही, काच नाही. तीन वर्षांत एक ओळ नाही.

'हा काय करतो?' मी विचारलं.

'काही नाही करत.'

'म्हणजे कसा आहे?'

बाबांनी चष्मा काढला. 'चांगला आहे,' म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'तीन वर्षं माझ्याकडे आहे गं.'

मी डेडलाइनवाली बाई. म्हटलं, लिहू या की, 'शांत, संयमी, मितभाषी'. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. 'श्रद्धांजलीत लिहितात तसं?'

त्या रात्री ते झोपले नाहीत. आमच्या क्वार्टरच्या भिंती पातळ आहेत, कॉटची कुरकुर कळते. त्यांना काय लागलं असेल, ते मला थोडंफार कळत होतं. खोड्या करणाऱ्याकडे लक्ष जातं, आजारी पडणाऱ्याकडे जातं. जो काही मागत नाही, त्याच्याकडे बघायला वेळ उरत नाही. मी त्याच कंपाउंडमध्ये वाढलेली एकुलती एक मुलगी. बाबांनी माझ्याकडेही बघावं म्हणून एकदा मी मुद्दाम मेसची काच फोडली होती. असो.

सकाळी मी 'रिपोर्टिंग'ला निघाले. म्हटलं, आपण सेलिब्रिटींच्या मुलाखती घेतो, एका दहावीतल्या पोराबद्दल चार ओळी मिळणार नाहीत? त्याच्या रूममेटला गाठलं. 'चांगला आहे.' दुसऱ्याला विचारलं. 'लवकर झोपतो.' क्लार्क म्हणाले, 'त्याचे कागद नेहमी पूर्ण असतात.' अरे वा! शेवटी त्यालाच गाठावं म्हणून अभ्यासिकेत गेले, तर तो उठून उभा राहिला. 'नमस्कार ताई. बॅगेची चेन निघाली होती तुमच्या, मी बसवली. बघितली का?'

मी बघितली नव्हती. बॅग बघितली नव्हती आणि आणणाराही बघितला नव्हता. मी काहीतरी पुटपुटले आणि सटकले.

उत्तर मिळालं मेसमध्ये. मावशी बाजरीच्या भाकरी थापत होत्या. मला लहानपणापासून ओळखतात. मी नाव घेतलं तशा हसायला लागल्या.

'त्याचं काय विचारती पोरी? त्यानी समद्यांच्या आईच्या हातचं खाल्लंय!'

मग एकेक कळत गेलं. महिन्याचा पहिला रविवार भेटीचा. पालक येतात, डबे येतात. याचे आई-वडील ऊसतोडीला जातात. पाथर्डी-शेवगावची हजारो जोडपी दिवाळी झाली, की कोयता घेऊन निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, पट्टा पडेपर्यंत फड सोडता येत नाही. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. पावसाळ्यात ते येऊन जायचे, पण दिवाळीनंतरच्या रविवारी याच्याकडे कुणी येणं शक्यच नसे. (हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. 'लिहा ताई, गावाचं नाव नका लिहू,' म्हणाला.)

मग हा काय करायचा? सकाळपासून गेटवर उभा राहायचा. येणाऱ्या पालकांच्या पिशव्या घ्यायचा, पाणी द्यायचा, कोण कुठल्या खोलीत ते दाखवायचा. श्रीगोंद्याहून आलेल्या आजीला हात धरून जिना चढवायचा. आणि कुठलीही आई डबा उघडल्यावर काय म्हणते? 'बाळा, तू पण खा.' तीन वर्षं. दर रविवारी दहा-बारा डबे!

'आन एक सांगू का?' मावशी म्हणाल्या. रविवारी उरलेल्या चटण्या मेसमध्ये जमा होतात. कुणाची कोणती, काही कळत नाही. हा नुसता वास घेतो आणि सांगतो, ही जामखेडची, ही राहुरीची. 'शेंगदाण्याचीच चटणी, पण घराघराची निराळी. ह्याला समद्या ठाव्या.'

मी धावत क्वार्टरवर आले. बाबांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, 'फोनवर कितीतरी आया मला विचारतात, सर, तो पाथर्डीचा कसा आहे? मला वाटायचं, नात्यातला असेल.'

माहिती मिळाली, पण लिहिणं सोपं नव्हतं. बापाच्या धंद्यावर नाही, हा नियम. म्हणजे घरचे का येत नाहीत ते सांगायचं नाही. शिवाय फिशपाँड आहे, हसू तर आलंच पाहिजे! मी लिहिलं, 'एकेचाळीस आयांचा लाडका.' बाबा म्हणाले, 'याच्यात कीव आली. पोरं टाळ्या वाजवतील, हसणार नाहीत.' मी परत लिहिलं, त्यांनी परत खोडलं. दोन वाक्यांसाठी दुपार गेली. बिल्डरचे तीन मिस्ड कॉल. शेवटी जे उरलं, त्यातला 'निरीक्षक' माझा आणि बाकीचं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सेंड-ऑफ. पांढरे शर्ट, कुणाचे भावाचे, कुणाचे बापाचे. मुख्याध्यापकांचं भाषण झालं, आठवीच्या मुलांनी स्वागतगीत म्हटलं. निरोपाला स्वागतगीतच म्हणतात आमच्याकडे, कारण तेवढं एकच पाठ आहे. थोडे पालकही आले होते. बाबा उठले. मी चोवीस पॉइंटमध्ये प्रिंट काढून दिली होती, तरी कागद हातभर लांब धरून वाचत होते. शिंगणापूरला हशा, ताळेबंदाला शिट्ट्या, झहीरचं गुपित फुटलं तेव्हा तर बाकं वाजली.

बेचाळिसावं नाव पुकारलं. तो आला तो चुकून बोलावल्यासारखा. काही नसेलच असं धरून चाललेला. बाबांनी वाचलं:

'वसतिगृहाचा अन्न निरीक्षक. एकेचाळीस घरच्या चटण्या तपासल्या, एकाही आईला नापास केलं नाही.'

क्षणभर शांतता. आणि मग असा दणका उठला, की मागच्या दारातलं कुत्रं पळालं. 'रणगाडा' ओरडला, 'सर, टेस्ट घ्या याची!' झालं! पालकांच्या पिशव्यांतून डबे निघाले, कुणीतरी त्याच्या डोळ्यांना स्काउटचा स्कार्फ बांधला, पाच वाट्या समोर आल्या.

पहिली. 'श्रीगोंदा. लसूण जास्त.' बरोबर. दुसरी. 'ही शेंगदाण्याची नाही, खुरासणीची. अकोले.' टाळ्या. तिसरी, 'शिंगणापूर, गूळ घालतात थोडा.' चौथीला थांबला. बोट परत बुडवलं. 'झहीरच्या घरची आहे. पण आईची नाही, आजीची. आईच्या चटणीत मीठ कमी असतं.' झहीर म्हणाला, छे, आईनेच दिलीय. आई तिथेच बसली होती. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, 'सासूबाईंनीच कुटलीय.'

पाचव्या वाटीला त्याने वेळ घेतला. हॉल गप्प. मग तो हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, म्हणजे पहिल्यांदाच पाहिलं म्हटलं तरी चालेल. 'मावशी,' तो म्हणाला, 'ही मेसची आहे. मुद्दाम तिखट कमी केलंय.' दारात उभ्या मावशींनी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि पदराने डोळे पुसले.

संध्याकाळी मी बॅग भरत होते, तेव्हा तो क्वार्टरच्या पायरीशी आला.

'ताई, त्या चिठ्ठीची अजून एक प्रिंट मिळेल का?'

'हरवली?'

'नाही. एक घरी द्यायचीय.'

ऑफिसला कुलूप, प्रिंटर आत. बाबा म्हणाले, 'थांब, मी लिहून देतो.' वहीचं पान फाडलं, दिव्याखाली धरलं आणि एका डोळ्याने लिहायला बसले. ओळी तिरक्या जात होत्या. तो शेजारी उभा राहून वाचत होता. 'एकेचाळीस' लिहून झालं तसा म्हणाला, 'सर, एक सांगू का? एकेचाळीस नाही. एकोणचाळीस.'

'कसं काय?'

'दोघांच्या घरून तीन वर्षांत कधीच कुणी आलं नाही.'

बाबांनी एकेचाळीस खोडलं. वर एकोणचाळीस लिहिलं, खाली सही केली, त्याच्या हातात दिलं. मग उठून रजिस्टर काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि त्याला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

'कोण दोघं?'